साचा उलटायची वेळ

माझ्या सासऱ्यांची एक गोष्ट होती. एकच. ती मी एकोणीस वर्षं दर रविवारी सकाळी ऐकली, आणि त्यातली निदान अठरा वर्षं मनातल्या मनात कपाळावर हात मारत ऐकली. मी घड्याळजी आहे. दिवसभर कानाशी टिकटिक असते, त्यामुळे कोण किती वेळ खातंय हे मला न विचारता कळतं. सासरे भरपूर खायचे.

रविवारी सकाळी आम्ही सगळे त्यांच्या स्वयंपाकघरात जमायचो. सगळे म्हणजे मी, माझी बायको, तिची धाकटी बहीण आणि सासूबाई. तिथं गॅस आहे, पण रविवारी त्याला सुट्टी. कोपऱ्यात लाकडावर चालणारी लोखंडी चूल आहे, पुढं छोटं दार, मागून भिंतीत गेलेलं धुराडं. माथ्यावर गोल झाकणं. त्यातलं एक आकड्यानं उचलून बाजूला ठेवायचं आणि त्या भोकावर वॉफलचा साचा बसवायचा. साचा बिडाचा, सासूबाईंच्या आजीच्या वेळचा. आतून चौकडीचे खळगे पाडलेल्या दोन जाड तबकड्या, एकमेकींवर मिटणाऱ्या. खाली एक कडं असतं, त्यात साचा बसतो, आणि दांडा धरून तो मिटलेला अख्खाच्या अख्खा उलटता येतो. एक बाजू भाजली की उलटायचा, दुसरी भाजायची. पायावर पडला तर पाय कामातून गेलाच म्हणून समजा. इतक्या वर्षांचं लोणी पिऊन तो आतून काळाकुळकुळीत झालाय.

सासरे सुतार. घरामागच्या शेडमध्ये त्यांचं काम चालायचं, आणि तिथले उरलेले तुकडे चुलीत जायचे. कधी जड, मुरलेलं लाकूड, कधी खोक्यांच्या हलक्या फळ्या, पावसाळी दिवसांत ओलसर काहीतरी. ते चूल पेटवायचे, साचा दोन्हीकडून तापवायचे, लोण्याचा बोळा फिरवायचे, सरबरीत पिठाची एक पळी ओतून साचा मिटायचे. आणि मग आमच्याकडे तोंड करून, चुलीकडे पाठ फिरवून, गोष्ट सुरू.

गोष्ट अशी. तरुणपणी त्यांना एक मोठं कपाट एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर पोचवायचं होतं. बरोबर त्यांचा जोडीदार, लंबू नावाचा, कारण तो बुटका होता. सासरे वरच्या बाजूला, लंबू खालच्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कपाट अडकलं. वर जाईना, खाली येईना. "आणि कपाट बसलं," असं म्हणत ते मागे न बघता हात न्यायचे आणि साचा उलटायचे. पुढं जिन्यात गर्दी. खालून पोस्टमन आला, त्याला वर जायचंय. मग कुत्रं घेतलेली एक बाई. मग एक निवृत्त मास्तर, ते कपाट कोणत्या कोनातून वळवावं यावर व्याख्यान देतात. कुत्रं पोस्टमनच्या पिशवीत तोंड घालतं. आणि शेवटी, "इतक्यात वरून आवाज आला," असं म्हणून सासरे साचा उघडायचे. आत बदामी रंगाचा, कडेनं कुरकुरीत, अखंड वॉफल. "घ्या, गरम आहे तोवर," म्हणायचे. लोणी कुठंय, मध कुठंय, माझ्याकडे आधी, अशी झुंबड उडायची आणि गोष्ट तिथंच राहायची. पुढच्या वॉफलांना दुसरे विषय असायचे, शेजारपाजार, माझ्या स्कूटरचा आवाज, धाकटीची नोकरी. तोंड म्हणून बंद नसायचं.

कंटाळ्यावर आम्ही तोड काढली होती. मी आणि मेव्हणी पैज लावायचो, आज गोष्ट किती मिनिटं चालणार. ती टेबलाखाली मनगटावरचं घड्याळ लावायची. हरेल त्यानं भांडी घासायची. मी धंद्यानं घड्याळजी असूनही बहुतेक वेळा भांडी मीच घासली, कारण गोष्टीला ताळतंत्रच नव्हतं. एका रविवारी पोस्टमन आला की संपायची, दुसऱ्या रविवारी कुत्रं, मास्तर, मास्तरांची छत्री, सगळी वरात. वयानं पाल्हाळ वाढतं, असं मी बायकोला म्हणायचो. तिला ते आवडायचं नाही.

मग त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, गाठ काढू, माणूस ठणठणीत राहील, आवाज मात्र जाईल. तसंच झालं. महिनाभरात सासरे घरी आले, जेवायला लागले, शेडमध्ये रंधा मारायला लागले. बोलायच्या जागी एक शाळकरी पाटी आली. दोरीनं गळ्यात अडकवलेली. त्यावर ते मोजकं लिहायचे, "मीठ", "दार लाव", "नको". बोलताना हा माणूस एका शब्दाच्या जागी दहा वापरायचा, आणि लिहिताना एकाच्या जागी अर्धा. पण जीव वाचला होता. आम्ही खुशीत होतो. मला तर, खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा थोडं हायसंही वाटलं होतं, की आता ते कपाट एकदाचं जिन्यातून गेलं.

आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी त्यांनी चूल पेटवली. पीठ ओतलं, साचा मिटला. आणि चुलीकडे तोंड करून उभे राहिले. आम्ही गप्प, ते गप्प, लाकूड तेवढं तडतडत होतं. त्यांनी साचा उलटला, परत उलटला, उघडला. वॉफलच्या दोन फाका झाल्या होत्या, अर्धा वरच्या तबकडीला चिकटलेला, अर्धा खालच्या. चमच्यानं खरवडून काढला. दुसरा करपला. तिसरा एकीकडे कच्चा, एकीकडे कोळसा. वाफ थांबली की झालं, असं म्हणतात, पण त्या चुलीवर शेजारी किटलीही असते, कुठली वाफ कुणाची हे कुणी सांगावं. सासूबाईंनी ब्रेड कापला.

दुसऱ्या रविवारीही तेच. तेव्हा माझ्यातला घड्याळजी जागा झाला. मला वाटलं, यांना वेळेचा अंदाज राहिला नाही आणि वेळ हे तर आपलं खातं. आठवडाभर खपून मी एक जुनं टायमर दुरुस्त केलं, पितळी, घंटा लख्ख वाजणारं. तिसऱ्या रविवारी ते चुलीशेजारी मांडलं, दोन मिनिटांवर उलटा, आणखी दोन मिनिटांवर उघडा, असं समजावून सांगितलं. पहिला वॉफल खरोखरच बरा निघाला. मी बायकोकडे विजयानं पाहिलं. पण तोवर आतली फळी पेटली, चूल फणफणली, आणि पुढचा दोन मिनिटांत काळा झाला. त्याच्या पुढच्याला विस्तव बसला होता, तो फाटला. विस्तवाला कुणी चावी देत नाही, हे एवढं शिकून मला कळायला हवं होतं. सासरे चुलीकडे बघायचे सोडून टायमरकडे बघत होते, आणि घंटा वाजली की दचकत होते. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे पाटी पुसली आणि लिहिलं, "हात गेला." ती आम्हा सगळ्यांपुढं धरली, परत पुसली आणि लिहिलं, "पुढच्या सोमवारी भंगारवाला. चूल, साचा दोन्ही."

 घरी आल्यावर बायको म्हणाली, "आवाज गेला तेव्हा बाबा रडले नाहीत. आज साचा कागदात गुंडाळत होते, तेव्हा डोळे पुसत होते. मी पाहिलं." मी म्हटलं, चूल जाईल, गॅसवर करू. ती म्हणाली, "चुलीचं नाही रे. आठवड्यातून एक गोष्ट होती, जी करायला ते पहाटे आपणहून उठायचे. ती गेली की उद्या शेडचं दारही लावतील. मग नुसते बसून राहतील." तिला तेच भय होतं, आणि ऐकल्यावर मलाही ते लागलं. बडबडणारा सासरा मला एकोणीस वर्षं नको होता, पण नुसता बसून राहिलेला त्याहून नको होता.

त्या आठवड्यात माझं कामात लक्ष नव्हतं. दुकानात भिंतीवर एक जुनं कॅलेंडर आहे, माझ्या मागं लटकलेलं, नवं जुन्यावरच टांगत गेल्यामुळं सगळ्या वर्षांचं. त्याच्या रविवारच्या चौकोनांत मी पेन्सिलीनं आकडे टाकायचो. गोष्टीची मिनिटं. पैजेत फसवाफसवी नको म्हणून. गुरुवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मी सहज पानं उलटत बसलो. कडक उन्हाळ्यात साडेतीन, पावणेचार. पावसाळी महिन्यांत साडेपाच, सहा. एका रविवारी फक्त तीन, त्या दिवशी मला चांगलं आठवत होतं, मोडीत काढलेल्या जुन्या शिसवी टेबलाचा पाय चुलीत होता आणि चूल लालबुंद झाली होती. मी मागची वर्षं काढली. तिथंही तेच. लाकूड कोरडं, गोष्ट आखूड. लाकूड ओलं, गोष्ट लांब.

म्हातारा पाल्हाळ लावतच नव्हता. कुत्रं आणि मास्तर जिन्यात येत होते ते चूल मंद होती म्हणून. मी ज्याला एकोणीस वर्षं वेळेचा अपव्यय म्हणत होतो, ते त्या घरातलं एकमेव बरोबर चालणारं घड्याळ होतं, आणि ते घड्याळजीला ओळखता आलं नाही. मला स्वतःचीच लाज वाटली आणि खूप हसूही आलं. मी दुकान बंद करून आधी बायकोला, मग मेव्हणीला सांगितलं. ठरलं असं, की रविवारी गोष्ट मी सांगायची. ते ऐकतील आणि नेहमीची वाक्यं आली की साचा उलटतील, उघडतील.

रविवारी स्वयंपाकघरात चूल थंड होती आणि साचा कागदात बांधून दाराशी ठेवला होता. सासरे नकोच म्हणून हात हलवत होते. सासूबाई मितभाषी बाई. नवरा बोलायचा तेव्हा त्यांना बोलायची गरज पडली नव्हती. त्यांनी साच्याची दोरी सोडली, कागद घडी करून ठेवला आणि म्हणाल्या, "उद्या जायचाच आहे तर आज एक शेवटचा खाऊ. पीठ मी भिजवून बसलेय." सासूबाईंपुढं कुणाचं चालत नाही.

चूल पेटली. लाकूड नेमकं दमट होतं, धूर करत होतं. त्यांनी पळी ओतली, साचा मिटला आणि चुलीकडे तोंड केलं. मी घसा खाकरला आणि सुरुवात केली, "तर बाबांना एक कपाट तिसऱ्या मजल्यावर पोचवायचं होतं."

सासऱ्यांनी मान वळवली. माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांचा कोट घालून उभा आहे.

मी रेटत राहिलो. तीन दारांचं कपाट, म्हणालो. त्यांनी दोन बोटं दाखवली. दोन दारांचं, म्हणालो. लंबू वरच्या बाजूला होता, बाबा खालच्या, म्हणालो. त्यावर ते पुरते माझ्याकडे वळले, चुलीकडे पाठ करून, आणि डाव्या हातानं हवेत उलट, उलट, अशी खूण करायला लागले. एवढी साधी गोष्ट जावयाला धड सांगता येत नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. मी मुद्दाम चुकत नव्हतो हो. एकोणीस वर्षं ऐकूनही मी ती कधी ऐकलीच नव्हती. "आणि कपाट बसलं," असं मी म्हणालो, ते ठरल्याप्रमाणे. त्या वाक्याला साचा उलटायला हवा होता. नाही उलटला. माझी सगळी अक्कल त्या वाक्यावर उभी होती.

पुढं काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी पोस्टमनला जिन्यात आणलं आणि त्याच्या हातात चुकून छत्री दिली. सासरे संतापले. छत्री मास्तरांची. त्यांनी डाव्या हातानं कपाळ बडवलं, आणि त्याच वेळी उजवा हात मागे गेला, दांडा धरला, आणि साचा उलटला. त्यांनी बघितलंसुद्धा नाही. त्यांना कळलंसुद्धा नसावं. मला कळलं, आणि मी पोस्टमनला तसाच जिन्यात सोडून त्या हाताकडे बघत राहिलो. टेबलाखालून मेव्हणीनं नडगीवर लाथ घातली आणि दात आवळून म्हणाली, "बोलत राहा, भाऊजी."

म्हणजे माझं कॅलेंडर अर्धंच खरं होतं. गोष्टीवर साचा चालत नव्हता, साच्यावर गोष्ट चालत होती. हात सगळं जाणून होता. बोलायच्या नादात सासरे त्या हाताला एकटं सोडायचे, एवढंच. गेले तीन रविवार ते त्याच्यावर पाळत ठेवून उभे होते, आणि कुणी असं डोक्यावर उभं राहिलं तर माझ्याही हातून स्क्रू पडतो.

मग मी सुटलोच. बाई आणली, कुत्रं आणलं, मास्तर आणले, त्यांना त्यांची छत्री परत दिली. लोक संपले. मी सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी बोट गोल गोल फिरवलं, अजून, अजून. म्हणून मी कुत्र्याला पिल्लं दिली. सासूबाई तोंडावर पदर धरून हसायला लागल्या. सासऱ्यांचे खांदे हलत होते, आवाज नव्हता, पण हसत होते. आणि हसता हसताच त्यांनी बोट थांबवलं.

"इतक्यात वरून आवाज आला," मी म्हणालो.

त्यांनी साचा उघडला. वॉफल अखंड होता. बदामी, कडेनं कुरकुरीत, चौकोन न् चौकोन उठलेला. त्यांनी तो काट्यानं उचलून ताटलीत ठेवला आणि तिथंच उभे राहिले, स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत. बायको माझ्या शेजारी रडत होती. लोण्यावर कुणी झडप घातली नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्या ठिकाणी शांतता होती, आणि त्या शांततेत माझ्या लक्षात आलं, की मला पुढचं येत नाही.

"बाबा," मी विचारलं, "कपाट निघालं कसं?"

बायको आणि मेव्हणी एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांनाही माहीत नव्हतं. सासऱ्यांना हे खरं वाटेना. त्यांनी पाटी ओढली आणि लिहायला बसले. बारीक अक्षरांत, पाटी भरून, पुसून परत भरून, आवाज गेल्यापासून इतकं त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. बायको मोठ्यानं वाचत गेली. वरून आवाज आला तो तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीचा. ती म्हणाली, कपाटाला दारं आहेत ना, मग मागची फळी काढा आणि लोकांना आतून जाऊ द्या. फळी काढली. पोस्टमन कपाटातून वर गेला, मास्तर छत्रीसकट गेले, बाई गेली, कुत्रं दोनदा गेलं. मग उलट्या बाजूनं ती मुलगी आली. हातात ताटली होती, ताटलीत वॉफल. याच साच्यातला.

आम्ही तिघं सासूबाईंकडे वळलो. त्या मध शोधत होत्या.

"आणि कपाट?" मेव्हणीनं विचारलं.

सासऱ्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं, "जिन्यातच सुटं करून वर नेलं. चार दिवस लागले."

"तासाभराचं काम होतं," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी पाटीवर आणखी दोनच शब्द लिहिले आणि ती सासूबाईंपुढं धरली. "घाई नव्हती."

सोमवारी भंगारवाला आला. त्याला सासूबाईंनी दारातच ताटलीभर वॉफल दिले आणि हात हलवत परत पाठवायला नको म्हणून माझं पितळी टायमर दिलं. मला विचारलं नाही. मी असतो तर मीही तेच दिलं असतं.

आता दर रविवारी गोष्ट मी सांगतो. सासरे माझ्याकडे तोंड करून उभे राहतात, चुका काढतात, बोट फिरवतात, थांबवतात, आणि मागे त्यांचा हात त्याचं काम करतो. आताशा शेवटही सांगतो, दुसऱ्या वॉफलला. परवा लाकूड फारच ओलं होतं. मी जिन्यात वाजंत्री आणली, तरी बोट फिरतच होतं. बोलता बोलता माझं लक्ष टेबलाखाली गेलं. मेव्हणीनं घड्याळ लावलं होतं, आणि तिच्या शेजारी माझी बायको ओठ न हलवता सहा बोटं दाखवत होती. त्या दोघींची पैज लागली होती, माझ्यावर.